कुलूपवाल्यांच्या घरातलं बिनकडीचं दार

त्या दिवशी जेवताना मी एक घास जरा लवकर गिळला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घास सावकाश चावून खावा असं माझ्या आईनं मला लहानपणी शिकवलं, आणि तोंडात घास असताना बोलू नये असंही. या दोन चांगल्या सवयींनी मिळून माझा जो काही निकाल लावला, तो आईला मी अजून कळवलेला नाही. तिला उगाच आनंद व्हायचा, की मुलीला शिकवलेलं लक्षात आहे.

सगळं पहिल्यापासून सांगते. घाई नाही. सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे. (का आहे, ते ओघात येईल.)

माझं लग्न अलीकडेच झालं. सासर कुलूपवाल्यांचं. खाली दुकान, वर घर. सासरे आणि नवरा किल्ल्या घासतात, कुलपं दुरुस्त करतात, आणि ज्यांची दारं रुसून बसतात त्यांच्या घरी जाऊन ती उघडून देतात. साहजिकच आमच्या घरात ज्याला ज्याला म्हणून झाकण आहे, त्याला कुलूप आहे. बिस्किटांच्या डब्याला कुलूप. शिवणयंत्राला कुलूप. सायकलीला दोन, आणि त्यातलं दुसरं पहिलं चोरीला जाऊ नये म्हणून.

शिवाय या घराण्याचा हात. घरातला कुणीही दारातून बाहेर पडला की त्याचा हात आपोआप मागे जातो आणि किल्ली फिरते. मेंदूला विचारायची पद्धत नाही. मीटर बघायला आलेला माणूस एकदा जिन्याखालच्या खोलीत अख्खी दुपार राहून गेला म्हणतात. नवऱ्याच्या आत्या (त्या आमच्याकडेच असतात) एकदा कोठीच्या खोलीत अडकल्या होत्या. बाहेर काढलं तेव्हा बिस्किटांचा डबा रिकामा होता, पण कुलूप जसंच्या तसं. हे त्यांनी कसं जमवलं, ते सासऱ्यांना आजतागायत उमगलेलं नाही, आणि धंद्याची इज्जत म्हणून ते विचारतही नाहीत.

तर अशा घरात एकाच दाराला साधी कडीसुद्धा नव्हती. आमच्या खोलीच्या. कडीच्या जागी चार भोकं होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या वाट्याला आलेला.

दार नुसतं लोटलेलं असायचं. त्यातून दिवसभर माणसं यायची. सासूबाई इस्त्रीचे कपडे घेऊन यायच्या, ते ठेवायच्या आणि पलंगावर बसायच्या. "काय गं, काय चाललंय?" मी "काही नाही" म्हणायचे. मग त्या काही नाही ते बघत बसायच्या. आत्या दुपारी झोपायला यायच्या, कारण इथला पंखा म्हणे गार वारा देतो. सासरे आमच्या कपाटावर ठेवलेली ड्रिलची पाती शोधायला यायचे. ते बिचारे आत येण्यापूर्वी खोकायचे, नाही असं नाही. फक्त खोकला आणि पाऊल एकदमच आत पडायचं.

नवऱ्याशी माझं सगळ्यात लांबलचक बोलणं झालं ते जिन्यात, गॅसचं सिलिंडर वर चढवताना. ते वरून ओढत होते, मी खालून ढकलत होते. त्या बोलण्यात प्रेमाचे शब्द असे नव्हते. "सांभाळ" हा एक होता, पण तो सिलिंडरला उद्देशून असावा.

त्याच जिन्यात एके दिवशी ते दबक्या आवाजात म्हणाले, "एक जाहिरात बघितली. यॉटवरची दिवसभराची सहल. मोजकीच माणसं. समुद्रातल्या गुहा, खडकांच्या कुशीत पोहायला निवांत जागा. जाऊ या? आपण दोघंच?"

मी "हं" म्हणाले. (माझ्या मानानं ते भाषणच होतं.) आतून मात्र मी उड्या मारत होते. एक तर आपण दोघंच. दुसरं म्हणजे पोहणं. माहेरी मी तळ्यात तासन्‌तास पोहायचे. मला पोहायला फार आवडतं, कारण पाण्यात कुणी "तू बोलत का नाहीस?" असं विचारत नाही.

आणि मग ते जेवण. नवऱ्यानं विषय काढला. सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं, "यॉट म्हणजे होडीच ना ती? मोठ्या लोकांची?" मग माझ्याकडे बघून, "दोघंच जाताय, की आम्हीही येऊ गं?"

माझ्या तोंडात घास होता. मी ठरवलं, आधी हा नीट चावून संपवू, आणि मग अतिशय गोड शब्दांत नाही म्हणू. शब्दही जुळवायला घेतले होते.

"बघा, काही बोलली नाही," आत्या म्हणाल्या. "मनात आहे तिच्या, आपण यावं असं."

"मग यायलाच हवं," सासरे म्हणाले.

"मी टोपी घेईन," सासूबाई म्हणाल्या.

मी घास गिळला. तोवर टोपीच्या रंगावर चर्चा सुरू झाली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'अच्छा, असं आहे तर' असा एक भाव होता. तो मला तेव्हा कळला नाही.

सहलीच्या दिवशी निघायच्या आधी सासूबाईंनी सासऱ्यांची झडती घेतली. "आज सुट्टी आहे. हत्यारं घरी." खिशातून पक्कड निघाली. टोपीतून पेचकस निघाला. सँडविचच्या डब्यात काकडीच्या कापांखाली एक कानस निघाली.

"ती डबा उघडायला घेतली होती," सासरे म्हणाले.

"डबा हातानं उघडतो."

"अडला तर?"

चष्म्याच्या घरातला बारकासा पेचकस तेवढा सासूबाईंच्या नजरेतून सुटला. होत्याचं नव्हतं करायला तेवढा पुरला.

यॉट पांढरीशुभ्र, छोटीशी, देखणी होती. मागे बसायला बाकं, मधून तीन पायऱ्या उतरून खाली एक केबिन. जाहिरातीत लिहिलं होतं त्याप्रमाणे माणसं मोजकीच होती, आणि एक जोडपं सोडलं तर ती सगळी आमच्याच घरची होती. ते जोडपं आमच्यासारखंच नवं दिसत होतं. धक्क्यावर त्यांनी जे एकमेकांचे हात धरले, ते बोटीत चढतानाही सोडले नाहीत, त्यामुळे दोघंही तिरके तिरके चढले. मी त्यांच्याकडे इतक्या आशाळभूतपणे बघत असणार, की त्या बाईनं मला सँडविच हवंय का, असं विचारलं.

कप्तान एक उंच, उन्हानं रापलेल्या बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना जॅकेटं दिली आणि नियम सांगितले. डेकवर पळायचं नाही, वाकायचं नाही, मळमळलं तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करायचं नाही. कपडे बदलायचे तर खाली केबिनमध्ये.

"केबिनच्या दाराला कुलूप?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे, पण लागत नाही. कधीचं बिघडलंय. आम्ही आकडा अडकवतो."

"किल्ली तर लटकतेय!"

"ती असते तिथे."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली, ती मी माझ्या पाठवणीच्या वेळी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. "किल्ली आहे, कुलूप आहे, आणि लागत नाही," ते पुटपुटले. "मग किल्ली काय दागिना म्हणून लटकवलीय?" असं म्हणत ते खाली गेले. वर आम्हाला फक्त चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला.

बोट निघाली. किनारा मागे पडला तसा माझ्या नवऱ्याचा रंग बदलत गेला. आधी पिवळा, मग फिकट हिरवा. कुठल्याही तिजोरीपुढे न डगमगणारा माणूस, पण लाटेला काही कुलपासारखं लिव्हर नसतं. सासूबाई एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं मुलाला धरून बसल्या. आत्यांनी घडीची खुर्ची आणली होती. ती त्यांनी बोटीच्या नाकाकडच्या बाजूला, ऐन मधोमध मांडली आणि जाहीर केलं, "आता मी इथून उठायची नाही. उठले तर पडेन."

पहिला थांबा आला. दोन खडकांच्या मध्ये कोनाड्यासारखी जागा, आणि त्यात हिरवंगार, स्वच्छ, तळ दिसणारं पाणी. ते बघून माझे पाय आपोआप हलायला लागले. मी पोहण्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन खाली धावले. केबिनच्या दारात सासरे मांडी घालून बसले होते, आणि कुलपाचं पोट फाडून सगळी आतडी रुमालावर मांडलेली होती.

"कपडे बदलायचेत?" त्यांनी वर न बघता विचारलं. "दोनच मिनिटं."

हे मी नंतर कितीतरी वेळा ऐकलं. ते जोडपं पाण्यात उतरलं, हातात हात घालून बुडालं, हातात हात घालून वर आलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. बोलायला हवं होतं. 'बाबा, जरा उठता का,' एवढंच. मी वाक्य मनात तयार केलं, त्यातला 'जरा' काढला, पुन्हा घातला. तेवढ्यात कप्तानबाईंनी नांगर उचलला.

पुढचा आणि शेवटचा थांबा गुहेचा. कप्तानबाई म्हणाल्या, "आधी गुहा बघू, मग तिथेच तोंडाशी पोहू." म्हणजे आणखी एक संधी होती. मी देवाचं नाव घेतलं आणि सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडायचं टाळलं.

"झालं!" खालून आरोळी आली. "लोण्यासारखं फिरतंय! आता या दाराला हात लावायची कुणाची छाती नाही!"

त्यांच्या बाजूनं वाट काढून मी आत शिरले आणि दार लोटलं. कपडे बदलून होतात न होतात, तोच दार ढकलून नवरा आत आला. (मी दचकले नाही. सवय होती.) त्यांचा रंग आता पार शेवाळी झाला होता. "आडवं व्हायचंय," एवढं बोलून ते जॅकेटांच्या ढिगावर कोसळले. त्यांच्या मागोमाग खोकला आणि पाऊल एकदम आत आलं. सासरे चष्म्याचं घर विसरले होते. त्यांनी ते उचललं, माझ्याकडे बघून "छान" म्हणाले (कपड्यांना की कुलपाला, देव जाणे), बाहेर पडले, आणि त्यांचा हात मागे गेला.

कट्.

कुलपाचा आवाज ओळखायला मी आता शिकलेय. फार गोड आवाज होता तो. त्यात कुठेही खरखर नव्हती.

नवऱ्यानं डोळे उघडले. "बाबांनी किल्ली फिरवली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय, असं म्हणावं तसं ते म्हणाले.

"सांगा ना त्यांना."

"कळेल आत्ता."

वरून सासऱ्यांची पावलं वाजली. ती कठड्याकडे गेली. मग सासूबाईंचा आवाज, "अहो, वाकू नका, बाईंनी सांगितलंय ना!" मग 'डुबुक्' असा अगदी बारीक आवाज.

"गेली," सासरे म्हणाले.

"अगं बाई! कोण गेली?" आत्या किंचाळल्या. "सून?"

"किल्ली! खिशातून!"

"हात्तिच्या. मला वाटलं सून."

"अहो, पण सून आत आहे!" सासूबाई म्हणाल्या. "आणि बाळ्यापण!" (माझ्या नवऱ्याला घरात बाळ्या म्हणतात. हे मला लग्नानंतर सांगण्यात आलं.)

मग दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पिढ्यांचे कुलूपवाले उभे राहिले. म्हणजे बाहेरचे उभे होते, आतले आडवे.

"बाबा, आतल्या बाजूला किल्लीचं भोकच नाही!"

"नाहीच. मीच बुजवलं. धूळ जात होती."

"बिजागऱ्या?"

"घट्ट केल्या."

"फटीतून पट्टी सरकवून बघा."

"सरकणार नाही. असं बसवलंय, की चोराचा बाप आला तरी उघडणार नाही!"

"चोराचा राहू दे," आत्यांचा आवाज आला, "पोराचा बाप आहे ना इथे? उघड की मग!"

इकडे आत आम्ही. खोली केवढी, तर हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील. मी ओलाव्याचा वास येणाऱ्या दोरखंडांत पोहण्याचे कपडे घालून उभी. बाहेर पाणी, आत मी. बोट डुलत होती, आणि बोटीबरोबर नवऱ्याचा शेवाळी चेहराही. तशातही ते किंचित हसले आणि म्हणाले, "निदान आपण दोघं एकटे तरी आहोत."

हे खरंच होतं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही बंद दाराच्या आत होतो. मी त्यांच्याजवळ खाली बसले. मीही काहीतरी छानसं बोलणार होते. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात, दाराला ओठ लावून, सासूबाई कुजबुजल्या,

"काय गं, काय चाललंय?"

आता हे मला माहीत असायला हवं होतं, पण खाली कळत नव्हतं, की मधल्या काळात बोट गुहेच्या तोंडातून आत सरकली होती. कप्तानबाईंनी इंजिन बंद केलं होतं आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं. ही त्या सहलीतली खास जागा होती. एक क्षण सगळ्यांनी श्वास रोखून गुहेची शांतता ऐकायची. आणि सगळ्यांनी ती ऐकायला घेतली होती. आत्यांनीसुद्धा.

त्या शांततेत, लग्न झाल्यापासून साठलेलं सगळं एकवटून, मी ओरडले,

"आमच्या दाराला आतून कडी हवी!"

गुहा मोठी होती, आणि तिला ऐकू छान येत होतं.

"कडी हवी..." ती म्हणाली. "कडी हवी..." ती आणखी आतून म्हणाली. मग अगदी लांबून, विचार करून, "हवीऽऽ..."

कपारीतले पक्षी भर्रकन उडाले. गुहेच्या पलीकडच्या तोंडाशी दुसरी एक बोट उभी असावी. तिच्यावरून टाळ्या आल्या.

त्यानंतर जी शांतता पसरली, ती जाहिरातीत लिहिली होती त्याहून कितीतरी जास्त खोल होती. मला धरणीमातेनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण खाली धरणी नव्हती. मी वर बघितलं, आणि मला दिसलं की केबिनच्या छताला काचेची एक चौकोनी झडप आहे. तिच्यातून उजेड यायला हवा होता. येत नव्हता, कारण तिच्यावर काहीतरी मोठं, गडद असं बसलेलं होतं. मी दोरखंडांवर चढले, खिट्टी काढली आणि सारा जोर लावून झडप वर ढकलली.

"अगं बाई," वरून आत्या म्हणाल्या. "मी वर चाललेय."

आणि खरंच, घडीच्या खुर्चीसकट आत्या हळूहळू वर जाऊ लागल्या. त्यांना वाटलं, लाट आहे. सासूबाईंना वाटलं, काळ आला. ज्या जोडप्याचे हात कशानंही सुटले नव्हते, ते अखेर सुटले, कारण आत्यांना धरायला दोघांचेही दोन्ही हात लागले. झडपेतून आधी माझं डोकं बाहेर आलं, मग मी. सगळं कुटुंब माझ्यापुढे अर्धवर्तुळात उभं होतं. गुहेत हिरवट उजेड होता. मग सासरे बोलले, आणि त्यांचा आवाज चक्क दुखावलेला होता.

"पण सूनबाई, मी विचारलं होतं! लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. नवी कडी हातात घेऊन उभा होतो मी. म्हटलं, ही लावू, की दार असंच राहू दे? तू मान खाली घातलीस. म्हटलं, पोरीला बंद दाराची भीती वाटत असेल. असंच राहू दिलं."

मला आठवलं. विचारलं होतं. आणि नव्या सुनेनं 'हो, लावा कडी' असं सासऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगावं, या विचारात मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले होते.

"आणि मी!" सासूबाई म्हणाल्या. "तुला एकटीला करमत नसेल म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसातून कितीदा येऊन बसते. तुझं ते 'काही नाही' ऐकलं की माझ्या पोटात तुटतं गं. म्हटलं, भारीच एकटी पडलीय पोर. वास्तविक तेव्हा माझी रेडिओची वेळ असते."

"तुमच्या पंख्याला अजिबात वारा नाही," आत्या म्हणाल्या. "मी सोबत म्हणून झोपत होते."

मागून, झडपेतून, नवऱ्याचं शेवाळी डोकं वर आलं. "आणि जेवताना तू काही बोलली नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुलाच माझ्याबरोबर एकटीनं यायला नको वाटतंय."

अच्छा, असं आहे तर.

अशा वेळी काय बोलायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. मी कठड्यावर चढले आणि पाण्यात उडी मारली.

पाणी थंड होतं आणि तिथे कुणी नव्हतं. गुहेच्या तोंडाबाहेर ऊन पडलं होतं. मी लाज संपेपर्यंत पोहत राहिले, म्हणजे बराच वेळ. मग मागून फुसफुस, छपछप असा आवाज आला. दोन दोन जॅकेटं घातलेला माझा नवरा बुचासारखा तरंगत माझ्याकडे येत होता. त्यांचा रंग पुष्कळ सुधारला होता.

"तू बोलायचं ना," ते म्हणाले.

"तुम्ही नीट विचारायचं ना."

"बरं, आता विचारतो. मी जवळ येऊ?"

माझ्या तोंडात खारट पाणी गेलं होतं. पण या वेळी मी धोका पत्करला नाही. तसंच, पाण्यासकट, मोठ्यांदा "हो!" म्हणाले. गुहेनंही दुजोरा दिला.

परतीच्या वाटेवर सगळे माझ्याशी फार आदरानं वागले. त्या जोडप्यातली बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आमच्याकडे कडी आहे हो. पण नुसती कडी असून काय होतंय?" आणि तिनं आपल्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. कप्तानबाईंना सासऱ्यांनी नवी किल्ली करून पाठवायचं वचन दिलं. त्या म्हणाल्या, नको, आम्ही आकडा अडकवू.

खरं तर गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या सुनेनं एक काम सांगितलं होतं, तेही गुहेच्या साक्षीनं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. कडी? छे. नुसती कडी लावणं त्यांना अपमानास्पद वाटलं. त्यांनी बँकांना बसवतात त्या जातीचं कुलूप बसवलं, जे आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्लीनंच लागतं. दाराच्या कडांना रबराची पट्टी ठोकली, म्हणजे आवाज आत येणार नाही, बाहेर जाणार नाही. आणि किल्ली एकच घडवली. "दुसरी किल्ली म्हणजे दुसरा माणूस," ते गंभीरपणे म्हणाले आणि ती नवऱ्याच्या हातात ठेवली. सासूबाईंचे डोळे पाणावले. आत्यांनी दार उघडून मिटून बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसं, घरात असूनसुद्धा नसल्यासारखी!"

ती संध्याकाळ छान गेली. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. (दार बंद होतं.)

आज सकाळी नवऱ्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला एक तिजोरी उघडून द्यायला जायचं होतं. मी केस विंचरत होते. त्यांनी माझा निरोप घेतला, प्रेमानं मागे वळून बघितलं, बाहेर पडले, आणि त्यांचा हात मागे गेला.

कट्.

माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे. खिडकीसमोर शेजारची कोरी भिंत आहे. खाली दुकानात किल्ल्या घासायचं यंत्र करकरतंय. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हे सगळं लिहीत बसलेय. मघाशी मी किल्लीच्या भोकाला (आवाजाला रबरानं तेवढीच वाट ठेवलीय) तोंड लावून सासूबाईंना हळूच "आई" अशी हाक मारली. बाहेर आत्या म्हणाल्या, "शूऽऽ! फोनवर बोलतेय आईशी. चला लांब." मग मी दारावर थाप मारली. सासूबाई घाबऱ्या घाबऱ्या कुजबुजल्या, "बघा, आपल्या बोलण्याचा त्रास होतोय तिला." मी दोन्ही हातांनी दार बडवलं. तेव्हा बाहेरचा रेडिओसुद्धा बंद झाला.

"आपण असं करू या," सासूबाईंचा आवाज आला, "बहिणीकडे जाऊन येऊ संध्याकाळपर्यंत. एवढं तोंड उघडून मागितलं पोरीनं, तर मिळू दे की तिला एकांत."

आता लाज धरून चालणार नव्हतं. मी कागद खाली ठेवला, दारासमोर उभी राहिले, गुहेत घेतला होता तसा छातीभरून श्वास घेतला, आणि नीट, स्पष्ट, न घाबरता ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी चपला वाजल्या आणि बाहेरच्या दाराला कुलूप लागलं.